हिवाळ्यात उन्हातलं क्लाइंबिंग: गाव नंतर ठरवा, आधी भिंतीचं तोंड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं म्युनिकला नोकरीला, सोबत चार वर्षांची लेक. २३ डिसेंबर ते ३ जानेवारी सुट्टी आहे. हॉलमध्ये दोघंही ६बी चढता (चढाईच्या अवघडपणाची ही श्रेणी, म्हणजे ग्रेड; आकडा आणि मग अक्षर वाढलं की अवघडपणा वाढतो), पण बाहेरच्या कातळावर अनुभव जर्मनीतल्या फ्रँकेनयुरातल्या उन्हाळी शनिवार-रविवारांपुरता. यादीत ग्रीसचं कालिम्नोस बेट, तुर्कस्तानचं अंतालया आणि स्पेनमधली एल चोरो व सिउराना ही चार नावं आहेत आणि विचारणं एवढंच, की यातलं सगळ्यात उबदार कुठलं?

निव्वळ ऊबच हवी असेल तर उत्तर यादीबाहेरचं आहे: कॅनरी बेटं. तेनेरिफेच्या दक्षिण किनाऱ्यावर डिसेंबरात दुपारी वीस-बावीस अंश सहज असतात आणि आरिकोच्या घळीत ज्वालामुखीच्या खडकावर बोल्ट, म्हणजे दोर अडकवायचे पक्के खिळे, मारलेले भरपूर रूट (चढायच्या वाटा) आहेत. पण विमान साडेचार-पाच तासांचं, नाताळात तिकिटं महाग, आणि तिथली मजा खरी सुरू होते ती जरा वरच्या ग्रेडला. म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेते. हातात आहेत दहा-अकरा दिवस. त्यातले जास्तीत जास्त दिवस तुमच्या ग्रेडचे, कोरडे, उन्हातले रूट आणि लेकीला खेळायला जागा, हे सगळं एकत्र कुठे मिळेल? असं विचारलं की तापमानाच्या आकड्याचं महत्त्व बरंच कमी होतं.

आपण सह्याद्रीत चढायला शिकलेली माणसं दोन सवयी सोबत घेऊन युरोपात येतो आणि इथे त्या दोन्ही उलट्या पडतात. पहिली म्हणजे हिवाळा कोरडाच असणार हे गृहीत धरणं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी छत्री माळ्यावर असते. भूमध्य समुद्राकाठी नेमकं उलट: उन्हाळा ठणठणीत कोरडा आणि वर्षाचा बहुतेक पाऊस हिवाळ्यात. अंतालयाचं उदाहरण घ्या. जाहिरातीत निळा समुद्र, छत्र्या, वाळू. पण डिसेंबर आणि जानेवारी हे तिथले सगळ्यात पावसाळी महिने आणि एकेका महिन्याचा सरासरी पाऊस दोनशे मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे पुण्यातल्या जुलैच्या तोडीचा, फक्त रिपरिप कमी आणि झोडपणं जास्त. शहराजवळचं गेयिकबायरी हे ठिकाण मला मनापासून आवडतं, पण ते मार्च-एप्रिलमध्ये. तिथल्या ओव्हरहँगखाली, म्हणजे पुढे झुकलेल्या कातळाखाली, पावसातही चढता येतं म्हणतात, ते खरंही आहे. मात्र ते रूट तुमच्या ग्रेडचे नाहीत, आणि आठवडाभर पाऊस झाला की टूफा, म्हणजे कातळावर थिजलेले चुन्याचे ते ओघळ, आतून पाझरायला लागतात. बाहेर लख्ख ऊन आणि हातातली पकड साबणासारखी. हे पाझरणं पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस चालू राहतं. शिवाय तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, नाही, तेव्हा व्हिसाचं वेगळं बघावं लागेल. तुमच्या तारखांना मी अंतालया खोडलं असतं.

कालिम्नोसही खोडा, जरा जड मनाने. तुमच्या मित्रांनी त्याचं केलेलं कौतुक अगदी रास्त आहे, पण ते बहुधा ऑक्टोबरात गेले असणार. डिसेंबरात तिथल्या मसुरी गावातली बरीचशी हॉटेलं आणि खानावळी बंद असतात, शेजारच्या कोस बेटावरून येणाऱ्या बोटी कमी होतात आणि वारा चढला की त्याही रद्द. लहान मूल घेऊन कोसच्या धक्क्यावर एक दिवस घालवायची तयारी असेल तरच.

दुसरी सवय उन्हाची. बदामीला जाणारा कुठलाही पुणेकर सकाळी पहिलं काय विचारतो? आज सावली कुठे? आपलं सगळं नियोजन ऊन चुकवण्याचं असतं. डिसेंबरातल्या युरोपात हेच उलटं करायचं, पण ते वाटतं तितकं सरळ नाही, म्हणून इथे थोडी थांबते.

स्पेन-ग्रीसच्या दक्षिण भागाचा अक्षांश साधारण ३७-३८. डिसेंबर अखेरीस तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो अठ्ठेचाळीसच्या आसपास असतो. उगवतो आग्नेयेला, दक्षिणेकडून चालत जातो, मावळतो नैर्ऋत्येला. याचा अर्थ असा, की दक्षिणेला तोंड असलेल्या उभ्या भिंतीवर ऊन जवळजवळ समोरून येतं आणि दिवसभर राहतं. गंमत म्हणजे अशा भिंतीला डिसेंबरच्या दुपारी जूनच्या दुपारपेक्षा जास्त सरळ ऊन मिळतं, कारण जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो आणि उभ्या कातळाला नुसता चाटून जातो. म्हणून हवा बारा अंशाची असूनही वारा नसेल तर लोक तिथे टी-शर्टवर चढताना दिसतात.

बाकीच्या दिशांचं काय? पूर्वेच्या भिंतीला सकाळी थोडा वेळ तिरकं ऊन आणि मग सावली. पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर ऊन येतं, पण ती तापेपर्यंत सूर्य खाली गेलेला असतो. उत्तरेच्या भिंतीला काहीच नाही. आणि दक्षिणेची भिंतसुद्धा अरुंद दरीत असेल तर समोरचा डोंगर हा अठ्ठावीस अंशांचा सूर्य आरामात अडवतो. गाइडबुकमध्ये सूर्याचं छोटं चित्र असतं त्यावर पूर्ण विसंबू नका, ते बहुतेक वेळा वर्षभराच्या सरासरीचं असतं. मी काय करते, तर उपग्रह नकाशा उघडून भिंत शोधते, तिच्यासमोर दक्षिणेला काय आहे ते बघते आणि मग डिसेंबर-जानेवारीत कुणी टाकलेले त्या क्रॅगचे, म्हणजे चढायच्या कातळाचे, फोटो धुंडाळते. फोटोत रूटवर ऊन आणि खाली बिले करणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा, सावलीत, टोपी-जॅकेटमध्ये गुरफटलेला दिसला की समजायचं, चढणाऱ्याची चंगळ आहे आणि लेकराचे हाल. चार वर्षांची मुलगी बसणार पायथ्याशी, तेव्हा तुम्हाला भिंतीइतकंच पायथ्यावरचं ऊन महत्त्वाचं.

वाऱ्याचंही याच ओघात सांगते. उघड्या कड्यावर वारा सुटला की पंधरा अंशही बोचतात आणि आडोशाला, उन्हात दहा अंश पुरतात. म्हणून मला एका गावातली एक प्रसिद्ध भिंत नको असते. वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरात वेगवेगळ्या दिशांच्या, वेगवेगळ्या उंचीवरच्या चार-सहा भिंती हव्या असतात. सकाळी खिडकीबाहेर बघून ठरवता आलं पाहिजे.

आता हे सगळं लावून तुमची उरलेली दोन नावं बघू.

सिउराना देखणं आहे, वादच नाही. कड्याच्या टोकावर दगडी गाव, खाली धरणाचं पाणी. पण गाव सातशे मीटरच्या वर आहे, डिसेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो आणि काही दिवस धुकं हटतच नाही. निरभ्र दिवशी दक्षिणेच्या भिंतींवर उत्तम ऊन असतं, थंड कातळावर बोटं मस्त चिकटतात, म्हणूनच जगातले भारी क्लाइंबर हिवाळ्यात तिथे मुक्काम ठोकतात. ‘ला रांब्ला’सारखा ९ए+ रूट तिथलाच. तुमच्यासाठी मात्र सोप्या रूटची संख्या कमी, ग्रेड कडक आणि संध्याकाळी लेकीला घेऊन जायला जवळपास काही नाही. तीन-चार वर्षांनी जा.

एल चोरो हा खरा स्पर्धक. दक्षिण स्पेनमधल्या मालागापासून जवळ, गाडीशिवाय रेल्वेनेही पोचता येतं. फ्रोंतालेस नावाच्या भिंतींची रांग बहुतांशी दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे आणि त्यात सोप्यापासून अवघडापर्यंत सगळं आहे. विश्रांतीच्या दिवशी बघायला घळीतला कामिनितो देल रेय आहे, एकेकाळी मोडकळीला आलेली ती कड्याच्या कडेची वाट २०१५ साली दुरुस्त होऊन पर्यटकांसाठी उघडली. लेकीला मात्र तिथे नेता येणार नाही, लहान मुलांना प्रवेश नाही. माझे आक्षेप दोन. मालागा भागात नोव्हेंबर-डिसेंबर हेच पावसाचे महिने, अटलांटिकवरून आलेला पाऊस तिथे पोचतो. आणि पायथ्याच्या बऱ्याच वाटा उताराच्या, घसाऱ्याच्या. चार वर्षांचं मूल तिथे एका जागी बसत नाही, आणि घसरलं तर थेट खाली.

म्हणून माझं उत्तर: स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अलिकांते विमानतळावर उतरा आणि कोस्टा ब्लांकाला जा. नाव ऐकून बेनिडॉर्मच्या उंच इमारती आणि पेन्शनर इंग्रज डोळ्यांसमोर येतील. येऊ द्या. त्याच पर्यटनामुळे हिवाळ्यात स्वयंपाकघरासह चांगले फ्लॅट इतर ठिकाणांच्या मानाने स्वस्त मिळतात. वरण-भाताची सोय होते, कंटाळा आला तर भारतीय हॉटेलंही आहेत.

खरं कारण पावसाचं. अटलांटिकचे ढग अख्खा स्पेन ओलांडून इथे येईपर्यंत रिकामे होतात. जसं महाबळेश्वरला धो-धो आणि माणदेशात कोरडं, तसाच हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. अलिकांते शहरात वर्षभरात तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जास्त करून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मुसळधार सरींमध्ये. डिसेंबरात दुपारचं सरासरी तापमान सतरा-अठरा. एक बारकावा: पाऊस आलाच तर तो इथे समुद्राकडून, पूर्वेच्या वाऱ्यासोबत येतो आणि किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, देनिया-पेगोच्या बाजूला, जास्त पडतो. म्हणून मुक्काम फार उत्तरेला घेऊ नका. फिनेस्त्रात, आल्तेया किंवा फार तर काल्पे. अंदाज बिघडला की दक्षिणेकडे किंवा आत पळायचं, कारण तीस-चाळीस किलोमीटरवर हवा पार वेगळी असू शकते.

भिंतींबद्दल. पहिले दोन दिवस तोइश. काल्पेजवळच्या या डोंगरावर सोप्या रूटचे सेक्टर, म्हणजे भिंतीचे भाग, आहेत, खाली समुद्र. इथे ५ च्या आसपासचे रूट घ्या, हॉलमधला ६बी विसरून. हॉलमध्ये पकड रंगवलेली असते, इथे ती शोधावी लागते, आणि गाजलेल्या रूटवर पाय ठेवायच्या जागा वर्षानुवर्षांच्या बुटांनी गुळगुळीत झालेल्या आहेत. पहिल्या दिवशी ५सी वर पाय थरथरले तर त्यात लाज नाही, सगळ्यांचंच होतं. तिसऱ्या दिवसापासून सेया. गावाबाहेरच्या या दरीत मारिओन आणि ओहो दे ओद्रा हे सेक्टर दक्षिणेकडे तोंड करून आहेत, गाडीपासून चालणं थोडं आहे आणि पायथ्याला बसण्यासारखी जागा सापडते. ५ पासून ६बी पर्यंत इतके रूट आहेत की तुमची सुट्टी तिथेच संपेल. गांदियाही उन्हातली भिंत, पण तिथली मजा ६बी+ च्या पुढे, तेव्हा हात तापले असतील तर एखाद्या दिवशीच. जवळचा पुइग काम्पाना हा चौदाशे मीटरचा डोंगर आणि त्याच्यावरचे लांबलचक मल्टिपिच, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढायचे रूट, यावेळी फक्त खालून बघा.

काल्पेचा पेन्योन दे इफाक, समुद्रातून थेट ३३२ मीटर उठलेला तो कातळ, विश्रांतीच्या दिवसासाठी ठेवा. पायवाटेने बोगद्यापर्यंतचा टप्पा लेकीला जमेल. पुढची वाट उघडी आणि घसरडी आहे, तिथून परत फिरा. रोज किती जणांना वर सोडायचं याची मर्यादा असते, म्हणून आधी नोंदणी करून ठेवा.

गाडी मात्र लागेलच. भिंती विखुरलेल्या आहेत आणि बसवर विसंबून दिवस वाया जातो.

दिवसाचं वेळापत्रकही थोडं वेगळं ठेवावं लागतं. स्पेनचं घड्याळ जर्मनीचंच, पण देश कितीतरी पश्चिमेला. त्यामुळे डिसेंबर अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि पावणेसहाच्या सुमाराला मावळतो. सिंहगडच्या सवयीने पहाटे पाचला उठून उपयोग नाही. नाश्ता करून दहाला भिंतीखाली पोचा, कातळ तोवर कोमट झालेला असतो. साडेचारला आवरतं घ्या, कारण सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत हुडहुडी भरते आणि दमलेलं मूल, अंधार, पायवाट हे त्रिकूट नको. बिलेअरसाठी जाड डाऊन जॅकेट सामानात हवंच, टी-शर्टचे फोटो बघून ते घरी ठेवू नका.

लेकीबद्दल स्पष्ट सांगते. दोन मोठी माणसं आणि एक मूल हे गणित क्रॅगवर बसत नाही. एक जण चढतोय, दुसऱ्याच्या हातात त्याचा दोर, मग मुलीकडे कोण बघणार? बिले करणाऱ्याचं लक्ष दोन ठिकाणी असू शकत नाही. तिसरं मोठं माणूस सोबत घ्या: मित्र, बहीण, आणखी एक जोडपं. आजी-आजोबा त्या सुमाराला पुण्याहून येणार असतील तर त्यांच्या शेंगेन व्हिसाचं आत्ताच बघा, आणि काल्पेच्या समुद्रकिनाऱ्यावर नातीसोबत त्यांचेही दिवस छान जातील. मुलीला भिंतीच्या अगदी खाली बसवायचं नाही. वरून दगड, पाण्याची बाटली, क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवायची कड्यांची जोडी), काहीही येतं. बाजूला, उन्हात चटई टाका आणि तिलाही छोटं हेल्मेट घाला, मुलांना ते आवडतंही.

यादीत नसलेलं एक नाव पुढच्या वर्षासाठी: ग्रीसमधलं लेओनिदिओ. अथेन्सपासून गाडीने साडेतीन-चार तास. गावाच्या डोक्यावर लालभडक चुनखडीचा कडा, २०१३ नंतर तिथे झपाट्याने रूट तयार झाले. पार्नोन पर्वतरांग पश्चिमेचे ढग बऱ्यापैकी अडवते, भिंती सगळ्या दिशांना आहेत, आणि मुख्य म्हणजे ते बारमाही माणसं राहणारं गाव आहे, हिवाळ्यात कुलूप लागलेलं पर्यटनस्थळ नव्हे. वांगी तिथली प्रसिद्ध, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पूर्वेकडून पाऊस आला तर मात्र चांगला दोन दिवस बसतो, आणि अथेन्सपासूनच्या वळणावळणाच्या रस्त्याने लहान मुलाला हमखास उलटी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन आठवडे मिळाले तर मी कोस्टा ब्लांकाच्या आधी हे सुचवेन.

माझं उत्तर कशाने बदलेल? तुम्ही दोघं बाहेर सहज ६सी लीड करत, म्हणजे दोर स्वतः अडकवत पुढे चढत, असता आणि मूल नसतं तर मी चुलिया म्हटलं असतं, वालेन्सियाजवळची ती घळ आणि तिथले तीस-चाळीस मीटरचे रूट. गाडी चालवायचीच नसेल तर एल चोरो. आणि निघायच्या पाच दिवस आधी अंदाजात पूर्वेचा जोराचा वारा आणि सलग पाऊस दिसला, तर कुठलंही गाव चालणार नाही, म्हणून फ्लॅट आणि गाडी रद्द करता येतील अशाच घ्या. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला दुकानं बंद असतात, दूध-भाजी आदल्या दिवशी.

सामानात ७० मीटरचा दोर, सोळा-अठरा क्विकड्रॉ, दोन हेल्मेट आणि लेकीचं छोटं. दोराच्या मोकळ्या टोकाला दरवेळी गाठ मारायची, कारण रूट दोरापेक्षा लांब निघाला की टोक बिले डिव्हाइसमधून सटकन निघून जातं. आणि एक गोष्ट म्युनिक सोडण्याआधीच पक्की करा. हॉलमध्ये वर पोचलं की दोर कॅराबिनरमध्ये अडकवला की झालं. स्पेनमध्ये कित्येक रूटच्या माथ्यावर नुसती बंद कडी असते. तिथे आधी स्लिंगने (मजबूत पट्ट्याने) स्वतःला अँकरला, म्हणजे माथ्यावरच्या पक्क्या आधाराला, अडकवायचं, बिलेवरून न सुटता दोराचा दुहेरी पदर कडीतून ओढायचा, त्याला आठाची गाठ मारून लॉकिंग कॅराबिनरने हार्नेसच्या बिले लूपमध्ये अडकवायचा, मगच मूळ गाठ सोडायची, दोर ताणून घ्यायचा, वजन टाकून बघायचं आणि शेवटी स्लिंग काढायची. पदर कडीतून जाण्याइतकी कडी मोठी नसेल तर पद्धत बदलते, तीही शिकून घ्या. हॉलमधल्या प्रशिक्षकाला सांगून जमिनीपासून हातभर उंचीवरच्या कडीवर दोघांनी वेगवेगळं, एकमेकांनी मध्ये न बोलता, हे करून दाखवा. न अडखळता जमलं की मग तिकिटं काढा.